गाठ कुणी सोडायची

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

कालच्या तुमच्या बैठकीचा खरा खर्च किती झाला, ते आज सकाळी चहा पिताना मांडून बघितलं. खोली इस्पितळाची, चहा-बिस्किटंही इस्पितळाचीच, म्हणजे कागदावर खर्च जवळजवळ काहीच नाही. आता खरा हिशेब. चार इस्पितळांतले मोठे डॉक्टर अर्धा दिवस एका टेबलाभोवती बसले, म्हणून चारही ठिकाणी ऑपरेशनच्या खोल्यांना कुलूप. त्यांतल्या एका खोलीबाहेर सकाळपासून उपाशी ठेवलेल्या एक आजीबाई होत्या, त्यांचं खुब्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं. त्यांना घरी सोडायला माझीच गाडी गेली, वाटेत त्या तुम्हा सगळ्यांना काय काय म्हणाल्या ते लिहीत नाही. शिवाय तुझी आठवडाभराची झोप आणि तुझ्या आईचा तुझ्या झोपेपायी वाढलेला रक्तदाब. एवढं सगळं ओतून पदरात काय पडलं? पुढच्या बैठकीची तारीख. तीही कच्ची.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि मागून कुणीतरी "मॅडम, बीपी!" म्हणून ओरडतं. पत्र बिचारं गप्प पडून राहतं. माझ्या गाड्या रोज डोंगरावर तुझ्या इस्पितळात येतातच, ऑक्सिजनच्या सिलिंडरबरोबर पाकीटही येईल. उत्तर त्याच गाडीने पाठव.

आता माझं ऐक. मी सातवी नापास माणूस. गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवं पडून सुरुवात केली आणि आज या सगळ्या पट्ट्यात ज्या रुग्णवाहिका पळतात त्या माझ्या आहेत. ड्रायव्हर, मेकॅनिक, टायरवाले, विम्याचे एजंट, असली एकाहून एक इरसाल माणसं मी एका कागदावर आणली आहेत. डॉक्टर म्हणजे तरी काय, त्याच मातीचे, फक्त हात धुतलेले. तुझं ते सगळ्यांची एक रीत ठरवायचं काम माझ्याकडे दे. एका दुपारी सगळ्यांच्या सह्या आणून तुझ्या टेबलावर टाकतो. एका दुपारी!

शिस्त कशी लावायची ते आमच्याकडे येऊन बघ. ऑफिसच्या भिंतीवर एक फळा. पेशंट दारात सोडला की गाडी किती पटकन मोकळी होते, ते त्यावर लिहायचं. महिन्याचा पहिला येईल त्याला माझ्या हातून पाकीट. गेल्या महिन्यात आपला ड्रायव्हर पैलवान पहिला. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, फळा बोलतो.

जेवत जा, असा मामीचा निरोप.

तुझा मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामांना सा. नमस्कार.

हिशेब चोख आहे. एक रक्कम मात्र राहिली. रंगारी.

तुम्हाला वरवर माहीत आहे, आज नीट सांगते. गेल्या महिन्यात तो तिसऱ्या मजल्यावरून परांचीसकट खाली आला. डोकं, बरगड्या, मांडी, सगळीकडे मार. एकट्याला चौघांइतकं लागलं होतं. त्यात ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं फुटलेलं. ते फुटलं की आतल्या आत रक्त साचत जातं, बाहेर थेंब दिसत नाही. कडं आवळून धरलं तर रक्त थांबतं. आमच्याकडे त्याचा खास पट्टा नाही, म्हणून मी चादरीची घडी करून दोन्ही खुब्यांवरून घट्ट बांधली आणि पुढे गाठ मारली. त्याचा रक्तदाब वर आला. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "मॅडम, पँटवरचा रंग ओला आहे, तुमची चादर खराब होईल." मग तुमच्या गाडीने त्याला मोठ्या इस्पितळात पाठवला.

मोठ्या इस्पितळाच्या दारात ती चादर सोडली गेली. मुद्दाम नव्हे. त्यांच्याकडे लोक जखमींना चादरीत घालून, गाठी मारून, उचलून आणतात. तिथे गाठ मारलेली चादर म्हणजे झोळी. झोळी आधी काढायची आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत बघायचा, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं. त्यांच्या जागी ते बरोबर आहे. माझ्या जागी माझं बरोबर होतं. दोन बरोबरांच्या मध्ये तो गेला.

त्याची बायको मला भेटायला आली होती. रडली नाही. "चादर कुणी सोडली?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, शोधते.

म्हणून ही समिती, मामा. अशा माणसाला कुठे न्यायचं, दारात कुणी काय बोलायचं, आत कुणाचा शब्द शेवटचा, आधी काय आणि मग काय, हे चारही इस्पितळांत आणि गाड्यांत एकच असलं पाहिजे. आरोग्य खात्याने नोव्हेंबर संपेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर सगळ्यांच्या सह्या झाल्या तर रीत लागू, नाहीतर समिती बंद आणि पुढचा रंगारी पुन्हा ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

त्या दिवशीचा अर्धा दिवस "गंभीर जखमी" कुणाला म्हणायचं यावर गेला. मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या साहेबांना दोन मोडलेली हाडं गंभीर वाटतात, काचेच्या इमारतीतल्या खासगी इस्पितळाच्या शेठजींना बिल भरू न शकणारा प्रत्येक जण गंभीर वाटतो. तुमच्या त्या एका दुपारची मला गरज नाही. पण पुढच्या बैठकीला या दोघांना आणायला तुमची गाडी मिळाली तर बरं होईल.

मामीला सांगा, जेवते.

भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

गाडी दिली एवढंच नाही, तर ती मी स्वतः चालवली. टोपी घातली, मान खाली घातली. पुढे बसून गाडी चालवणारा माणूस बहिरा असतो अशी मागे बसणाऱ्यांची पक्की समजूत असते. त्या समजुतीवर मी निम्मा धंदा उभा केला आहे.

मोठ्या इस्पितळाचे तुझे हाडांचे साहेब आणि काचेच्या इस्पितळाचे शेठ मागे बसले होते. बैठक संपवून परत जाताना ते काय बोलले, ते जसंच्या तसं देतो.

साहेब म्हणाले, "बाई हुशार आहे हो. काम चांगलं आहे. पण मी सही केली की उद्या त्या रंगाऱ्याचे नातेवाईक तोच कागद कोर्टात नाचवणार. आजपासून असं करू म्हटलं, म्हणजे काल तसं करत होतो, हेच ना?"

"आणि दगावलेला कुणाच्या नावावर लागणार?" शेठ म्हणाले. "आमच्याकडे मृत्यू किती होतात बघा. नगण्य!"

"शेवटच्या घटका मोजणारा तुम्ही आमच्याकडे ढकलता, मग नगण्यच राहणार."

"ढकलत नाही साहेब. पुढील उपचारार्थ पाठवतो."

"हो, आणि आमच्या दारात तो पुढचा श्वास घेत नाही."



आता माझं डोकं लावतो. तू बैठकीच्या पहिल्याच पानावर रंगाऱ्याची हकिगत घातलीस. तिथेच घोडं अडलं. साहेब वाईट माणूस नाही, घाबरलेला माणूस आहे, आणि घाबरलेला माणूस सही करत नाही, तो वकिलाला फोन करतो. ते पान काढ. चादर कुणी सोडली हे विचारू नकोस. तुमच्याकडे गाठ म्हणजे काय, एवढंच विचार. प्रत्येकाला आपल्या घरची पद्धत सांगायला आवडतं.

शेठचं वेगळं. त्याला आकडा प्यारा आहे. आकडा मोजायची रीतच बदल.

मामीने तुझ्यासाठी स्वेटर दिला आहे. डोंगरावर गारठा असतो म्हणते. मी म्हटलं, तिला रागाने ऊब असते.

तुझा मामा


२१ एप्रिल

ती. मामांना सा. नमस्कार.

पान काढलं. जिवावर आलं, पण काढलं.

परवाच्या बैठकीला भाषण केलंच नाही. चार चादरी नेल्या आणि तुमच्याकडून पैलवानाला मागून घेतला होता, त्याला टेबलावर आडवा केला. त्याचा देह बघून कारखान्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला चादर पुरायची नाही, तंबूचं कापड आणा." मी म्हटलं, याचं ओटीपोटाचं हाड फुटलंय असं समजा. प्रत्येक इस्पितळाने आपापल्या पद्धतीने बांधून दाखवा, बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. मग वळून सांगायचं, ही गाठ काय सांगते.

साहेबांच्या सहायकाने कमरेवर आवळली. पैलवान ओरडला, "अहो, नाश्ता वर येतोय माझा!" शेठजींच्या माणसाने गाठ बाजूला मारली, तर कारखानावाले ती हात बांधल्याची समजले. कारखान्याची गाठ शेठजींना उचलायची झोळी वाटली. माझी गाठ बघून साहेबांच्या सहायकाचा हात आपोआप सोडायला गेला. कुणी काही सांगितलं नव्हतं. हातच गेला.

साहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग स्वतः पुढे आले, चादर काढली आणि मला म्हणाले, "तुम्ही पुन्हा बांधा. सावकाश. मला बघू दे." रंगाऱ्याचं नाव कुणीही घेतलं नाही. पण तो तिथे होता, मामा.

त्यानंतर कामाने वेग घेतला. चारही ठिकाणी आणि प्रत्येक गाडीत एकच नारिंगी पट्टा. तो खुब्यांच्याच रेषेत बांधायचा, बांधणाऱ्याने त्यावर वेळ लिहायची. प्रमुख कोण यावरचं भांडण साहेबांनीच मिटवलं. हाडांचा, पोटाचा, डोक्याचा, असा प्रमुख ठरवायचा नाही. जो रुग्णाच्या पायाशी उभा राहील तो प्रमुख. त्याने हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं, बघायचं आणि बोलायचं. पट्टा त्याच्या शब्दाशिवाय सुटायचा नाही. साहेब म्हणाले, "मला हात न लावता उभं राहता येईल का, हीच खरी परीक्षा आहे." सगळे हसले, ते हसले नाहीत.

शेवटी इस्पितळाच्या दारातला प्रसंगही करून बघितला. पैलवान टेबलावरून उठून स्वतःच्याच कामावर, म्हणजे ड्रायव्हर झाला, आणि रुग्ण म्हणून डॉक्टरीणबाई आडव्या झाल्या. त्यात एक गोष्ट दिसली. ती इथे लिहीत नाही. भेटीत बोलू.

भिंगरी


५ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

वा! मी सांगितलं होतं की नाही? घरची पद्धत विचार म्हटलं, आणि गाडी लागली ना रस्त्याला! आता मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरज नाही, मी आधीच चढून बसलो आहे. मामी खालून शिडी काढून घ्यायच्या बेतात आहे.

आणि ती "भेटीत बोलू"वाली गोष्ट मला कळली बरं. मामाचे कान आहेत. हाडांचे साहेब विधुर. कारखान्याच्या डॉक्टरीणबाईही एकट्याच. बैठकीहून परतताना पुढे टोपी घालून मीच होतो; साहेब म्हणाले, "आपलं मत मला फार मोलाचं वाटतं," आणि त्या म्हणाल्या, "मग लेखी द्या." इतक्या गोड आवाजात मी तरी कुणाला "लेखी द्या" म्हणताना ऐकलेलं नाही. तू कागदावर लिहिलं नाहीस ते शहाणपणाचं केलंस.

पैलवानाला विचारलं, काय काय झालं रे तिथे? तर पठ्ठ्या म्हणतो, "काही नाही मालक." त्या दिवसापासून जरा गप्प गप्प आहे. टेबलावर झोपवून तुम्ही त्याचं पोट फारच आवळलेलं दिसतंय. पण एप्रिलमध्येही फळ्यावर पहिला तोच.

राहिलेल्या सह्या कधी म्हणतेस? सांग, जाऊन बसतो त्यांच्या उरावर.

तुझा मामा


३० ऑगस्ट

ती. मामांना सा. नमस्कार.

चार महिने पत्र नाही, राग मानू नका. तुम्ही मधे दोनदा येऊन गेलात, पण मामी आणि आई समोर असताना कामाचं बोलणं झालं नाही.

बातमी चांगली आहे. साहेबांनी मे महिन्यातच सही केली. कारखान्याची जूनमध्ये आली. शेठजींनी मात्र दोन महिने घोंगडं भिजत ठेवलं. शेवटी तुमचीच युक्ती लागू पडली, मोजायची रीत बदलली. आता जखमी माणूस महिनाभरात दगावला तर ज्या ज्या दारातून तो गेला त्या सगळ्यांच्या नावावर मोजायचा, आणि जगला तरी सगळ्यांच्याच नावावर. पुढे पाठवून आकडा स्वच्छ ठेवायची सोय संपली. शेठजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही वाचवलेलेही आमचे?" मी हो म्हटलं. लगेच पेन काढलं.

माझ्या इस्पितळाची सही तर पहिल्या दिवसापासून आहे. आता राहिलं चौथं पान. ते गाड्यांचं, म्हणजे तुमचं. सोबत पाठवते आहे. थोडक्यात असं: गाडी इस्पितळाच्या दारात आली की, श्वास अडलेला नसेल आणि रक्त धो धो वाहत नसेल, तर आतल्या सगळ्यांनी हात वर करायचे. कुणीही रुग्णाला शिवायचं नाही. गाडीवाल्याने ठरलेल्या क्रमाने सांगायचं: काय घडलं, काय दिसलं, काय केलं, काय बांधलंय. पायाशी उभ्या असलेल्याने ते परत म्हणून दाखवायचं. ते होईपर्यंत गाडी हलायची नाही.

सही करून पाठवा.

आणि साहेब-डॉक्टरीणबाईंबद्दल तुम्ही समजलात तसं काहीही नाही. साहेबांच्या कानावर गेलं तर ते सही परत मागतील.

भिंगरी


१२ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मामीचा गुडघा पुन्हा धरला आहे. गॅरेजच्या छपराचे पत्रे बदलायला काढले, तर पत्रेवाला पत्रे उघडे टाकून बहिणीच्या गावी गेला तो गेलाच. नव्या गाडीचा क्लच आवाज करतो. तुझ्या चौथ्या पानाचं म्हणशील तर चष्मा दुरुस्तीला टाकला आहे, अक्षर नीट लागलं नाही.

बरं, लागलं. तुझ्याशी कशाला लपवाछपवी. पण हे काय लिहिलंय पोरी? "ते होईपर्यंत गाडी हलायची नाही"? माझी गाडी तुमच्या दारात कान टवकारून उभी राहील, तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर दुसरा कुणीतरी आडवा पडलेला असतो. त्याच्या घरच्यांचा फोन मला येतो, तुला नाही. "निघालीय, निघालीय" म्हणत त्यांना थोपवतो कोण? मी. गाडी मोकळी असणं म्हणजे काय, ते आत एसीत बसून कळायचं नाही.

भांडण तुम्हा डॉक्टरांचं होतं. ते मिटलं, छान झालं. आम्हा ड्रायव्हरांना कशाला वर्गात उभं करून धडा म्हणायला लावता? आमचं काम पोचवायचं. ते आमच्याइतकं चोख कुणी करत नाही.

ते वाक्य काढ, लगेच सही करतो.

तुझा मामा


१५ सप्टेंबर

मामा,

भेटीत बोलेन म्हटलं होतं, ते जमलं नाही. माझंच धाडस झालं नाही. म्हणून लिहिते.

रंगाऱ्याला गाडीत ठेवताना मी गाठीवर हात ठेवून पैलवानाला सांगितलं होतं, "ही सोडू देऊ नका." त्याला ते लख्ख आठवतं. मोठ्या इस्पितळाच्या दारात त्याने स्ट्रेचर आत लोटलं, "डोंगरावरून, पडलाय" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. दार लागायच्या आत गाडी मोकळी. त्या महिन्यात फळ्यावर तो पहिला आला होता. तुम्हीच कळवलं होतं.

एप्रिलच्या बैठकीत आम्ही दारातला प्रसंग केला, तेव्हाही त्याने हेच केलं. डॉक्टरीणबाईंना ढकललं, "पडल्यात" म्हणाला आणि खोलीबाहेर. सगळे पोट धरून हसले, तोही हसत परत आला. मग माझ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू गळून पडलं.

तो चांगला ड्रायव्हर आहे. फळ्यावर जे लिहिलं जातं ते तो करतो.

रंगाऱ्याच्या बायकोला मी सांगितलं होतं, शोधते. चादर सोडणारा एक हात मला सापडला नाही. एकेका हातातून ती सुटत आली, आणि सुरुवात तुमच्या गाडीच्या दारापासून होते. ते वाक्य मी काढणार नाही.

भिंगरी


४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी गॅरेजात फिरकलो नाही. मामी घाबरली, म्हणाली डॉक्टर बोलवू का. मी म्हटलं, डॉक्टरनेच केलंय हे.

मग टोपी घातली आणि गाड्यांतून फिरलो. ड्रायव्हरच्या शेजारी, मदतनिसाच्या सीटवर. चारही इस्पितळांच्या दारात उभा राहिलो आणि फक्त ऐकलं. माझी माणसं काय बोलतात? "पडलाय." "धडकलाय." "घ्या." बस. एकाने तर नुसती शीळ घातली. मी मालक म्हणून भिंतीवरचा फळा वाचत होतो, दारात उभा राहून ऐकत नव्हतो. तुझं म्हणणं खरं आहे.

पण दुसरंही ऐकलं, आणि ते तुमच्या पानात नाही. आमचा पोरगा सांगायचं म्हणाला तरी ऐकणार कोण? मोठ्या इस्पितळात दारात शिपाई. काचेच्या इस्पितळात आधी खिडकीवरची बाई, तिला पेशंटचं वय आणि ओळखपत्र हवं. कारखान्यात परिचारिका धावत येते, पण ती म्हणते, "मला नको सांगू, आत डॉक्टरांना सांग," आणि आत सोडत नाहीत. भिंतीला सांगून परत येण्यापेक्षा पोरं पळतात.

म्हणून माझी अट. आणखी एक वाक्य घाला: गाडी निघतानाच निरोप जाईल, आणि ती दारात पोचेल तेव्हा पायाशी उभा राहणारा माणूस दारात हजर पाहिजे. तो आत चहा पीत असेल, तर जितका वेळ गाडी खोळंबेल तो इस्पितळाच्या नावावर लागेल, माझ्या नाही. फुकट सही मी आयुष्यात केली नाही, भाचीसाठीही करणार नाही.

फळा काढला. मीच स्टुलावर चढून काढला. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे, बाकी भिंत धुराने पिवळी. पैलवान बघत उभा होता. म्हणाला, "वाईट दिसतंय मालक. रंगारी बोलवू का?" मग जीभ चावून स्टूल आत घेऊन गेला.

चौकोन तसाच राहू दिला आहे.

तुझा मामा


२१ नोव्हेंबर

ती. मामांना सा. नमस्कार.

तुमचं वाक्य घातलं. शेठजी उसळले, "एक अख्खा डॉक्टर दारात उभा करायचा?" साहेब म्हणाले, "गाडीवाले थांबणार असतील तर आपल्याला दारापर्यंत चालत जायला काय झालं?" विषय संपला. पान पुन्हा पाठवते आहे, सह्यांच्या पानासकट. मुदत संपत आली आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

गेल्या आठवड्यात खाणीवर क्रेन चालवणारी एक बाई केबिनसकट खाली आली. छाती, मांडी आणि तेच हाडांचं कडं. रीत अजून लागू नाही, पण साहेबांनी वाट बघितली नाही. इथे मी नारिंगी पट्टा बांधला, वेळ लिहिली, पैलवानाच्या गाडीत दिली. नंतर साहेबांनी फोनवर सांगितलं ते असं. ते स्वतः दारात उभे होते. सगळ्यांचे हात वर. पैलवान बोलायला लागला, मधेच अडखळला, मग क्रम सोडून आधी शेवटचंच बोलला, "पट्टा सोडायचा नाही!" एका शिकाऊ डॉक्टरचा हात सवयीने खाली आला होता, साहेब गरजले, "हात वर!" मग पैलवानाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेबांनी परत म्हणून दाखवलं. पैलवान म्हणाला, "उजवी मांडी साहेब, तुम्ही डावी म्हणालात." साहेब म्हणाले, "उजवी." मग गाडी हलली.

पट्टा ऑपरेशनच्या टेबलावर साहेबांच्या शब्दाने सुटला. बाई अजून पुरती धोक्याबाहेर नाही. पण काल तिने चमचा स्वतःच्या हाताने धरला.

रविवारी मी रंगाऱ्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता गाठ कुणी सोडायची?"

"पायाशी उभा असेल त्याने सांगितल्यावरच."

"लिहून ठेवलंय?"

"हो."

"सगळ्यांच्या सह्या झाल्या?"

मी म्हणाले, एक राहिली आहे.

भिंगरी


३० नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पान सोबत आहे. पैलवानाला बजावलंय, तुझ्याच हातात द्यायचं, आणि तू वाचून दाखवल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

नऊ दिवस लागले, कारण सही आधी करून मग माणसं शिकवणं मला जमत नाही. माझ्या प्रत्येक ड्रायव्हरची तोंडी परीक्षा घेतली. पेशंट म्हणून मामी बाकावर आडवी व्हायची, दुखरा गुडघा आयताच होता. जो क्रम चुकेल त्याला ती डोळे मिटल्या मिटल्या सांगायची, "मेले रे मी!" काल शेवटचा पोरगा पास झाला. शीळ घालणारा. आता तो इतका बोलतो की त्याला थांबवायचा कसा, याचं एक पान तुम्हाला वेगळं लिहावं लागेल.

क्रेनवालीची चौकशी पैलवान रोज करतो. मला न सांगता करतो, पण माझे कान आहेत.

पाकीट बंद करायच्या आधी मामीने सह्यांचं पान हातात घेतलं, चष्मा लावला आणि वरून खाली वाचत गेली. पहिली तुझी, फेब्रुवारीतली. मग साहेबांची, मे. कारखान्याची, जून. शेठची, ऑगस्ट.

सगळ्यात खाली, आजच्या तारखेची, माझी.

तुझा मामा